पैसे मिळाले हो, पण पोरगं समोर आलंच नाही

सेक्रेटरी_नाइलाजाने

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही म्हणून लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात रात्री दीडच्या सुमारास आमच्या सोसायटीबाहेर लावलेल्या आठ गाड्या आणि एक रिक्षा फुटली. तीन पोरं, हातात बांबू, पाच मिनिटांचा कारभार. पिंपरी-चिंचवडकडे राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. सकाळी फुटेज बघताना चेअरमन एकदम 'थांबवा, थांबवा' म्हणाले, कारण त्यातली दोन पोरं आमच्याच बी विंगची निघाली. तिसरा त्यांच्या क्लासमधला. तिघंही अठराच्या आत.

संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात बैठक. पोरांचे वडील, गाडीमालक, चेअरमन, मी, आणि कुणाच्या तरी ओळखीचे एक 'भाऊ', जे अशा बैठकांना असतातच. काचांची कोटेशनं आली, बेरीज झाली, भागिले तीन. 'पोरांच्या करिअरचा प्रश्न आहे' हे वाक्य तासाभरात सात-आठ वेळा तरी ऐकलं. पोरं वर आपापल्या घरात होती. चहा झाला, सह्या झाल्या, मिटलं. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रिक्षावाले काका मागच्या चाळीत राहतात. ते सभासद नाहीत, त्यामुळे त्यांना बोलवायचं कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचं पाकीट घेऊन मी गेलो. पुढची काच, मीटर आणि फाटलेलं हूड मिळून साडेसहा हजार. त्यांनी नोटा मोजल्या, देवाच्या फोटोमागे ठेवल्या आणि म्हणाले, "पैसे मिळाले हो. पण पोरगं समोर आलंच नाही." मी काहीतरी पुटपुटलो. मग म्हणाले, "चार दिवस गाडी उभी राहिली, ते सोडा. त्यातल्या उंच पोराला मी पहिली ते चौथी शाळेत सोडलंय. हॉर्न दिला की मोजे हातात घेऊन पळत खाली यायचं. मला एवढंच विचारायचं होतं, माझी गाडी ओळखू आली नाही का रे तुला?"

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. त्या नादात वाचता वाचता 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस' सापडलं. मराठीत पुनर्स्थापनात्मक न्याय की कायसंसं म्हणतात, बोलताना जीभ अडखळते. मी आपलं 'सांधणारा न्याय' म्हणतो.

गंमत म्हणजे आधुनिक काळात याची सुरुवात जिथून धरतात ती गोष्ट जवळपास आमच्याच सोसायटीची आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाचं छोटं गाव. मे १९७४ मध्ये दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. टायर फाडले, खिडक्या फोडल्या. गुन्हा कबूल केला. त्यांच्यावर देखरेख करणारा प्रोबेशन अधिकारी मार्क यांत्झी याने न्यायाधीशांना सुचवलं, ही पोरं ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली तर? न्यायाधीश आधी नाही म्हणाले, कायद्यात अशी सोयच नव्हती. मग काय वाटलं कोण जाणे, महिनाभराची मुदत दिली. पोरांनी एकेका घराची बेल वाजवली, आम्हीच ते म्हणून सांगितलं, नुकसान किती ते लिहून घेतलं, आणि पुढच्या काही महिन्यांत पैसे घेऊन पुन्हा त्याच दारात गेली. त्यातला एक जण मोठेपणी स्वतःहून ही गोष्ट जाहीरपणे सांगत फिरला.

पैसे आमच्याकडेही दिले गेले. बेल मात्र मी वाजवली.

हॉवर्ड झेर नावाचे अमेरिकन अभ्यासक म्हणतात की कोर्ट विचारतं कायदा कोणता मोडला, कुणी मोडला, शिक्षा काय. त्याऐवजी विचारा: इजा कुणाला झाली, त्याला आता काय हवंय, आणि ते देणं कुणाच्या अंगावर येतं. आपण ज्याला 'मिटवणं' म्हणतो त्यात यातलं काहीच येत नाही असं मला आता वाटायला लागलंय. मिटवणं सगळं करणाऱ्याच्या सोयीचं असतं. तुम्हाला काय वाटतं? अजून काही करता येईल का, की वेळ गेली?

खडूस

म्हणजे निबंध लिहायचा ना? ३०० शब्दांचा? कल्याणीनगर विसरलात वाटतं.

अशा गोड कल्पना परदेशात ठीक आहेत. इथे ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याच्यासाठी सांधणारा न्याय, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी आधीपासून आहे तो दांडा. तुमची पोरं चाळीतली असती आणि रिक्षाऐवजी चेअरमनची गाडी एकटीच फुटली असती, तर 'करिअर' आठवलं असतं का हो कुणाला?

सेक्रेटरी_नाइलाजाने

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

वकीलीणबाई

खडूसभाऊ, राग रास्त आहे पण नेम चुकलाय. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. अपघातावरचा तो ३०० शब्दांचा निबंध ही बाल न्याय मंडळाने घातलेली जामिनाची अट होती. गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना त्यात कुणी काही विचारलं होतं का? त्यांना काय हवंय, हा प्रश्न त्या कागदावर कुठे होता? ओरड झाल्यावर मंडळाने तो आदेश बदलला, तोही लोकक्षोभामुळे. मवाळ शिक्षा आणि सांधणारा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंध लिहिणं सोपं, त्या आईसमोर बसणं किती जणांना जमेल?

आता थोडं कायद्याचं, झोप येत असेल तर पुढचा प्रतिसाद वाचा. आपल्याकडे तडजोडपात्र गुन्ह्यांची यादी असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२० होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५९ आहे. तक्त्याला तीन रकाने. पहिल्यात गुन्हा, दुसऱ्यात कलम, आणि तिसऱ्यात तडजोड कुणी करायची तो माणूस. खाजगी मालमत्तेचं नुकसान असेल तर तिसऱ्या रकान्यात येतो ज्याचं नुकसान झालं तो. चेअरमन नाही, आरोपीचा बाप नाही, 'भाऊ' तर नाहीच नाही. पंचवीस वर्षं कोर्टात जातेय, तो तिसरा रकाना कुणी मन लावून वाचताना फार क्वचित पाहिलंय. तुमच्या काकांची सही कुठे आहे?

दुसरं, नव्या न्याय संहितेत 'सामुदायिक सेवा' ही शिक्षा म्हणून आली आहे. पहिल्यांदाच केलेली पाच हजारांच्या आतली चोरी, माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी हे. लोकांना वाटतं हाच तो नवा न्याय. पण त्यात काम समाजासाठी करायचं, बिनमोबदला. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला माल मिळाला की त्याचं काम संपलं. चोराने उद्यान झाडलं, ज्याची सायकल गेली होती तो ते उद्यान रस्त्यावरून बघतोय.

बांधावरचा

वकीलीणबाईंच्या तिसऱ्या रकान्यावरून आमचं गाव आठवलं.

१५ ऑगस्ट २००७ ला आबांनी, म्हणजे आर. आर. पाटलांनी, गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम काढली. कल्पना झकास. गावातला तंटा गावात बसून सुटावा, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून पिढ्या बरबाद होऊ नयेत. आणि बऱ्याच गावांत खरंच फायदा झाला, ते नाकारत नाही. पण गावाला बक्षीस होतं, आणि बक्षीस म्हटलं की मोजदाद आली. किती तंटे मिटवले? मिटवा, मिटवा.

आमच्या चुलत्याचा बांध शेजारी दरवर्षी नांगरताना एक-एक तास (म्हणजे नांगराची ओळ) कोरायचा. समितीपुढे प्रकरण गेलं. अर्ध्या तासात समेट. दोघांच्या सह्या, हातात हात देऊन फोटो, नारळ. बांध कुणी मोजला नाही, खुंट्या कुणी रोवल्या नाहीत. चुलता म्हणाला मला टेप लावून हवंय, तर सरपंच म्हणे आता गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे, ताणू नका. पुढच्या जूनला बांध पुन्हा सरकला. आता मात्र चुलत्याला बोलायची सोय नाही, कारण कागदावर तंटा मिटलेला.

तेव्हा सेक्रेटरीसाहेब, मिटवण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. फक्त हे शहरात होतं असं समजू नका.

निशिगंधा७९

सगळं वाचतेय आणि अंगावर काटा येतोय, चांगल्या अर्थाने नाही.

'समोरासमोर बसा, बोला, सांधा' हे बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. माझ्या मावसबहिणीचं चार वेळा मिटवलं. चारही वेळा हॉलमध्ये सतरंजी टाकून, चारही वेळा दोन्हीकडची वडीलधारी माणसं, आणि चारही वेळा चहा तिच्याच हातचा. नवरा दर वेळी रडायचा. खूप छान रडायचा. पाचव्या वेळी ती मुलाला घेऊन निघाली तेव्हा लोक म्हणाले, अगं त्याने माफी मागितली होती ना?

आणि कोर्टंही यातून सुटलेली नाहीत. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्याने राखी आणि मिठाईचा डबा घेऊन त्या बाईच्या घरी जायचं, तिला राखी बांधायची विनंती करायची, तिच्या रक्षणाचं वचन द्यायचं, वर ओवाळणी म्हणून अकरा हजार. ज्याने घरात शिरून हात टाकला त्यालाच पुन्हा त्या घरात पाठवायचं, भाऊ म्हणून! सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ती अट रद्द केली आणि असल्या अटी घालायच्या नाहीत असं बजावलं. पण कुणाला तरी ती सुचली होती, हे विसरू नका.

म्हणून माझा सरळ प्रश्न: ज्याच्यावर अन्याय झाला त्याला 'नाही, मला त्याचं तोंड बघायचं नाही' म्हणता येतं का? आणि तसं म्हटल्यावर त्याला आडमुठा ठरवलं जात नाही ना? याचं उत्तर हो असेल तर पुढे बोलू.

वकीलीणबाई

निशिगंधा, +१००. म्हणूनच बलात्कारासारख्या गुन्ह्यात तडजोड चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शिंभूच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तडजोडीच्या नावाखाली बाईवर किती दबाव येतो हे कोर्टाला माहीत आहे.

ऑकलंडकर

निशिगंधाताईंच्या प्रश्नाचं उत्तर मी पाहिलेल्या एका प्रसंगातून देतो.

न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने मुलांच्या गुन्ह्यांसाठी 'फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स' आणली. त्यामागे माओरी लोकांचा रेटा होता. आमची पोरं तुम्ही आमच्या कुटुंबातून उचलून संस्थांमध्ये टाकता आणि आम्हाला विचारतसुद्धा नाही, ही त्यांची तक्रार. खून आणि सदोष मनुष्यवध वगळता बहुतेक गंभीर प्रकरणांत आधी ही बैठक होते. बैठक बोलावणारा सरकारी समन्वयक, मुलगा, त्याचं कुटुंब, पोलीस, मुलाचा वकील, आणि यायचं असेल तर ज्याचं नुकसान झालं तो. यायचं 'असेल तर'. स्वतः येऊ शकता, कुणाला पाठवू शकता, नुसतं पत्र देऊ शकता, किंवा काहीच नाही.

माझ्या आतेभावाची इथे डेअरी आहे. (डेअरी म्हणजे दूध नव्हे, इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. बरीचशी आपल्या लोकांची असतात आणि सिगारेटसाठी लुटलीही जातात.) पंधरा वर्षांच्या एका मुलाने काउंटरवर उडी मारून सिगारेटची पाकिटं नेली, वहिनीला ढकललं. पकडला गेला. आतेभावाला बोलावणं आलं, तो म्हणाला मी नाही जाणार. समन्वयक बाई म्हणाल्या ठीक आहे. दोन दिवसांनी त्याचाच फोन, चल, तू सोबत ये. वहिनी आली नाही आणि तिला कुणी एका शब्दाने आग्रह केला नाही.

साधी खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहा-बिस्किटं. सुरुवातीला मुलाच्या आजीने माओरीत प्रार्थना म्हटली. पोलिसाने काय घडलं ते वाचून दाखवलं, मुलाने हो म्हटलं. मग आतेभावाला विचारलं. मला वाटलं हा आता पैशांवर येणार. तो म्हणाला, "त्या दिवसापासून माझी बायको काउंटरला एकटी उभी राहत नाही. दुपारी मी जेवायला गेलो तर दुकान बंद ठेवते. हे तुला माहीत असावं, बस." मुलगा खाली बघत होता. आजीने त्याची हनुवटी धरून वर केली.

मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. कायद्यानेच कुटुंबाला एकांताचा वेळ असतो, भरपाईची योजना त्यांनी स्वतः आखायची. आम्ही पाऊण तास पॅसेजमध्ये उभे, पोलीस आणि आतेभाऊ रग्बीवर बोलत. आत गेल्यावर त्यांनी सांगितलं की मुलगा आठ शनिवार दुकानात काम करेल. आतेभाऊ म्हणाला, दुकानात नको. झालं, तेही मान्य. त्याऐवजी शाळेच्या मैदानाचं काम, नुकसानीचे पैसे हप्त्याने, आणि वहिनीला पत्र. सगळ्यांनी हो म्हटल्यावर योजना युथ कोर्टाकडे.

आठपैकी सहा शनिवार तो गेला. पैसे पूर्ण आले. पत्र आलं, त्यात स्पेलिंगच्या चुका. वहिनीने ते फाडलं नाही, गल्ल्याखालच्या खणात आहे. पण ती अजूनही एकटी उभी राहत नाही. चमत्कार वगैरे झाला असं मी म्हणणार नाही.

रत्नांग्रीचो

ऑकलंडकर, सुंदर लिहिलंत. पण 'कुटुंब', 'समाज' असले शब्द आले की मी सावध होतो. आमच्याकडे कोकणात गावकी आहे, इतर ठिकाणी जातपंचायती आहेत. तीही गोल बसून न्याय देते. आंतरजातीय लग्न केलं, टाका वाळीत. दंड भरा, जेवण घाला. अंनिसने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य.

माझी कसोटी सोपी आहे. दंड कुणाच्या हातात जातो ते बघा. गावकीत तो गावकीकडे जातो, ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे नाही. त्याच पैशांचं मटण शिजतं आणि वाढायला कधीकधी ज्याच्यावर अन्याय झाला तोच असतो.

खडूस

आणि मोठ्या प्रमाणावर करायला गेलं की काय होतं ते दक्षिण आफ्रिकेत बघा. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची पूर्ण कबुली देणाऱ्यांना माफी देणारा डेस्मंड टूटूंचा सत्य आणि सलोखा आयोग सगळ्यांना आठवतो. पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्याच्या घरच्यांनी त्या माफीच्या तरतुदीविरुद्ध १९९६ मध्ये थेट घटनात्मक न्यायालय गाठलं होतं, हे किती जणांना आठवतं? हरले ते. आणि पीडितांना सरकारने शेवटी एकरकमी तीस हजार रँड दिले. करणाऱ्यांना माफी लवकर, सोसणाऱ्यांना भरपाई उशिरा. तुमच्या सोसायटीच्या ऑफिसातलंच, फक्त मोठ्या हॉलमध्ये.

(न्यूझीलंडची गोष्ट आवडली. गल्ल्याखालचं पत्र विशेष.)

आकडेमोड

खडूस आणि 'आवडली' एका प्रतिसादात! तारीख लिहून ठेवा रे.

कॅनबेरात १९९५ ते २००० मध्ये पोलिसांनी एक प्रयोग केला होता. काही प्रकरणं कोर्टात, काही अशा बैठकांना, निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी. मारामारी करणाऱ्या तरुणांमध्ये पुढचे गुन्हे कमी झाले. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांमध्ये मात्र फायदा दिसला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. नाकाबंदीत पकडलेल्यासमोर बसायला कुणी दुखावलेला माणूसच नसतो, मग नुसतं लेक्चर उरतं.

फळा_खडू

मी शाळेत शिकवते, सातवी ब. भांडण झालं की आम्ही शिक्षक काय करतो? "सॉरी म्हण." तो सॉरी म्हणतो, भिंतीकडे बघून. ती 'इट्स ओके' म्हणते, जमिनीकडे बघून. तास सुरू.

गेल्या वर्षीपासून मी आधी ज्याला लागलंय त्याला विचारते, तुला काय हवंय? एका मुलीची प्रयोगवही भिजवली होती, ती म्हणाली मला सॉरी नको, आकृत्या परत काढून हव्यात. मुलगा तीन दिवस डब्याच्या सुट्टीत बसून आकृत्या काढत होता, आणि ती शेजारी बसून चुका दाखवत होती. बेडकाचं हृदय त्याला दोनदा खोडायला लावलं. सगळीकडे असं जमत नाही. दोन वेळा माझी चांगली फजिती झाली आहे, एकदा तर पालक मुख्याध्यापकांकडे गेले.

सेक्रेटरी_नाइलाजाने

सगळ्यांचे आभार. निशिगंधाताईंचा प्रतिसाद वाचून मी जे करणार होतो ते केलं नाही. मी त्या मुलाला धरून थेट काकांकडे न्यायच्या बेतात होतो. आधी एकटा गेलो आणि विचारलं, तुम्हाला तो यायला हवाय का, नको असेल तर विषय इथेच संपला.

काका म्हणाले, "रविवारी धंदा असतो. सोमवारी दुपारी या."

मुलाचे वडील साफ नाही म्हणाले. पैसे दिलेत ना, मग आता काय पाय धरायचे का. क्लासमधल्या तिसऱ्याच्या घरून फोनच उचलत नाहीत. पण काल रात्री जिन्यात उंच पोराची आई भेटली. तिला गल्लीतून बातमी लागली होती. ती म्हणाली, तो महिनाभर मागच्या रस्त्याने जात नाही, लांबून मेन रोडने फिरून जातो, मला वाटलं क्लासची वेळ बदलली.

वकीलीणबाई

जाताना चार गोष्टी. व्हिडिओ काढू नका. काही लिहून घेऊ नका. 'भाऊं'ना सांगू नका. आणि मुलाने आयत्या वेळी नाही म्हटलं तर ओढून नेऊ नका, ती त्याच्यासाठी शिक्षा होईल आणि काकांसाठी तमाशा.

खडूस

आणि समजा काकांनी माफ नाही केलं तर?

सेक्रेटरी_नाइलाजाने

मीही तेच विचारलं त्यांना. म्हणाले, "माफी-बिफी नंतर बघू. आधी येऊ तर दे."

सोमवारी दुपारी क्लास बुडेल असं वडिलांचं म्हणणं. आई म्हणाली, बुडू दे.